यात्रा, वराती आणि विहिरी : उन्हाळ्यात कान कसे जपावेत?

वारणाकाठ (वाळवा तालुका)

सर्वांना नमस्कार. चैत्र लागला की आमच्या भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात, त्याच दिवसांत लग्नसराई असते, शाळांना सुट्टी लागल्याने मुले दिवसभर विहिरीवर किंवा नदीवर असतात आणि शेतात मळणीपासून द्राक्षाच्या खरड छाटणीपर्यंत यंत्रांची कामे चालू असतात. या सगळ्याचा कानांवर काय परिणाम होतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी चौथी-पाचवीतली मुले "गुरुजी, कानात गुंई वाजतंय" असे सांगतात, आणि पालक "होईल कमी संध्याकाळपर्यंत" म्हणून तो विषय सोडून देतात. बहुतेक वेळा ते खरोखरच कमी होते, पण ते कमी होणे म्हणजे बरे होणे आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की यात्रेला जाऊ नका किंवा पोहू नका असे न सांगता मुलांना आणि मोठ्यांनाही नेमके काय करायला सांगावे? ज्यांना या विषयाचे ज्ञान किंवा अनुभव आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

श्रवणआलेख (कराड)

गुरुजी, हा विषय काढल्याबद्दल आपले आभार. श्रवणचाचणी करणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या अंतःकर्णात शंखासारखा एक भाग असतो. त्यात जन्मतः सुमारे पंधरा-सोळा हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात आणि ध्वनीच्या कंपनांचे मेंदूला समजणाऱ्या संदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. फार मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, तेव्हा कानाला दडे बसल्यासारखे वाटते आणि कान वाजू लागतात. विश्रांती मिळाली की काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ऐकणे पूर्ववत झाल्यासारखे वाटते, पण त्यातल्या काही पेशी किंवा त्यांना जोडलेले मज्जातंतूंचे धागे कायमचे गेलेले असू शकतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कान वाजायचे थांबले एवढ्यावरून इजा झालीच नाही असे म्हणता येत नाही. त्या मुलांच्या कानांनी धोक्याची सूचना दिलेली असते आणि ती ऐकायला हवी.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचा एक हिशेब आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तास ही साधारण मर्यादा धरतात. डेसिबलची मोजपट्टी आपल्या नेहमीच्या फूटपट्टीसारखी सरळ वाढत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. वरातीत किंवा यात्रेच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीजवळ, म्हणजे एकावर एक रचलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांजवळ, १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. तिथे कोणी चार तास नाचले, तर त्याने एका दिवसाच्या वाट्याच्या सोळापट आवाज कानात घेतला, असा त्याचा अर्थ होतो. मुलांसाठी मर्यादा याहून कमी धरायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने फोन-हेडफोनवर ऐकण्यासाठी आठवड्याला ४० तास धरून मोठ्यांसाठी ८० आणि मुलांसाठी ७५ डेसिबलची पातळी सुचवली आहे, त्यावरून दोघांतला फरक लक्षात येईल.

आवाज मोजायचे यंत्र जवळ नसले, तरी एक खूण पुरेशी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तिथला आवाज कानांना घातक पातळीवर पोहोचलेला असतो.

माणदेश

श्रवणआलेख साहेब, आपली माहिती मोलाची आहे, परंतु एक शंका मनापासून विचारतो. आमच्याकडे हलगी, ढोल, गजीनृत्य, कुस्तीच्या मैदानावरचा निनाद हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आमचे आजोबा हलगीच्या ठेक्यावरच मैदान गाजवत होते आणि म्हातारपणापर्यंत त्यांना चांगले ऐकू येत होते. मग आत्ताच हा प्रश्न एवढा मोठा का झाला? परंपरेलाच दोष देण्याची सध्या एक पद्धत पडली आहे, तिचे मला वाईट वाटते.

श्रवणआलेख (कराड)

माणदेश दादा, आपली शंका रास्त आहे आणि परंपरेला दोष द्यावा असे माझेही मत नाही. शेकून ताणलेली हलगी जवळून ऐकली तर तिचा आवाज कमी नसतो, आणि हलगी-ताशा वाजवणाऱ्यांच्या कानांना धोका पूर्वीही होताच. पण पूर्वीचा तो आवाज एका माणसाच्या हातातून येत होता. वाजवणारा दमला की आवाज थांबत होता, आणि चार पावले मागे सरलेल्या प्रेक्षकाला तो बराच कमी ऐकू येत होता. आज विजेवर चालणारी भिंत सात-आठ तास न दमता एकाच पातळीवर वाजते, आणि तीच तरुण मुले एका हंगामात अनेक वरातींत, अनेक यात्रांत तिच्यासमोर उभी असतात. त्यातच उरलेल्या वेळात कानात इअरफोन असतो. थोडक्यात, पूर्वी कानांना मध्ये जी विश्रांती मिळत असे ती आता मिळत नाही. शिवाय काही माणसांचे कान मुळातच अधिक सोशिक असतात. आपल्या आजोबांचे कान शाबूत राहिले ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यावरून दुसऱ्याचे राहतील असे अनुमान काढता येत नाही.

अंतराविषयी थोडे सांगतो. मोकळ्या मैदानात आवाजाच्या उगमापासून आपले अंतर दुप्पट झाले, की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे पाच मीटरवरून दहा मीटरवर आलात तरी सुरक्षित वेळ चौपट होतो. गावातल्या अरुंद गल्लीत मात्र हा हिशेब चालत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आवाज आतच कोंडतो. म्हणून मुलांना मिरवणूक दाखवायचीच असेल, तर गल्लीत उभे करण्यापेक्षा चौकात, पाराजवळ किंवा देवळाच्या मोकळ्या पटांगणात उभे करावे, आणि भिंत समोरून जाताना बाजूच्या बोळात वळावे.

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

या धाग्यावर यात्रा-वरातींचीच चर्चा होत आहे, पण आमच्यासारख्यांना रोजचा आवाज वेगळाच आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली की बागेत फवारण्या सुरू होतात. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे ब्लोअर, आणि मधल्या अरुंद ओळींतून तासन्‌तास फेऱ्या. शेजारच्या रानात मळणी यंत्र, गोठ्यात कडबाकुट्टी. आमच्या पट्ट्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या ट्रॅक्टरचालकांशी बोलताना आवाज चढवावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याला वयाचा दोष म्हणून सोडून दिले जाते. बेदाण्याच्या सौद्यात "वीस" म्हटले की "तीस" याची खात्री करून घेण्यासाठी त्यांना शेजाऱ्याला विचारावे लागते. ही माणसे कष्टाळू आहेत, त्यांचा व्यवहार चोख आहे आणि केवळ कानांमुळे ती चारचौघांत मागे राहतात, याचे मला फार दुःख होते.

मी स्वतः फवारणीच्या वेळी कान पूर्ण झाकणारा इअरमफ वापरतो. बोळे वापरत नाही, त्याचे कारण असे की फोमचा बोळा बोटांनी वळून कानात घालावा लागतो आणि फवारणीच्या कामात हात औषधाने माखलेले असतात. ते औषध कानाच्या आत जाणे बरे नव्हे. यावर तज्ज्ञांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

श्रवणआलेख (कराड)

आपण अगदी योग्य करत आहात. त्यात एक भर घालतो. टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके स्वतःदेखील अंतःकर्णाला अपायकारक आहेत आणि मोठ्या आवाजासोबत त्यांचा अपाय वाढतो. झायलीनसारखी द्रावके काही कीटकनाशकांतही असतात. म्हणून फवारणी करणाऱ्याने तोंडाला मास्क आणि कानाला इअरमफ हे दोन्ही वापरावे. इअरमफची गादी कानाभोवती नीट टेकली पाहिजे. आत टोपीची कड किंवा गमछा अडकला, तर त्या फटीतून आवाज थेट आत येतो.

"वीस-तीस"चे आपण दिलेले उदाहरण नेमके आहे. आवाजाने होणाऱ्या बहिरेपणात आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. स, श, च, ट, त, फ अशा व्यंजनांची ओळख त्या पट्ट्यातल्या ध्वनींवर अवलंबून असते, तर स्वरांचा मुख्य जोर खालच्या पट्ट्यात असतो. त्यामुळे रुग्ण सांगतो, "ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही." घरच्यांना वाटते की हा लक्ष देत नाही. खरे तर शब्दाचा अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

तंबोरा (मिरज)

वरचा परिच्छेद वाचून लिहावेसे वाटले. आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामात सर्वांत अवघड काम म्हणजे जवारी काढणे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका हळुवार घासायचा, की तार छेडल्यावर मूळ स्वराबरोबर वरचे सूक्ष्म स्वर उमलून यावेत. ते बरोबर आले की नाही, हे कारागीर केवळ कानांनी ठरवतात. ज्या उंच स्वरांवर जवारीचे सारे सौंदर्य अवलंबून आहे, तेच मोठ्या आवाजाने आधी नाहीसे होतात, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले. असा कान तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. आमच्या परिचयातले काही तरुण कारागीर यात्रेच्या हंगामात डॉल्बीच्या गाड्यांवरही काम करतात, कारण तिथे रोख पैसे मिळतात. त्यांना मी हा धागा नक्की वाचायला देणार आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी करणारे वेगळे बोळे मिळतात, असे ऐकले आहे. त्याविषयी कृपया सांगावे.

श्रवणआलेख (कराड)

ताई, होय, असे बोळे मिळतात. साध्या फोमच्या बोळ्याने उंच स्वर जास्त दबतात आणि सगळे पांघरुणातून आल्यासारखे ऐकू येते. संगीतकारांच्या बोळ्यात एक गाळणी असते, तिच्यामुळे आवाज कमी होतो पण त्याचा पोत टिकतो. तयार मापाचे बोळे मिळतात, आणि कानाचा साचा घेऊन हव्या त्या मापाचे करूनही घेता येतात. साच्याचे महाग पडतात, पण ज्याची उपजीविका कानांवर आहे त्याने तो खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या फोमच्या बोळ्याची जोडी औषधांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. मात्र ती घालण्याची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा बोळा अर्धाच आत गेलेला असतो. स्वच्छ हातांनी बोळा वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा ऐकू येतो. पाकिटावर तीसेक डेसिबलचा आकडा असला, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरावेत. तेवढ्यानेही १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांची मर्यादा आठ तासांवर जाते. छातीत जाणवणारा दणका बोळ्याने थांबत नाही. त्यामुळे बोळा घातला आहे म्हणून भिंतीला टेकून उभे राहू नये. कापसाच्या बोळ्याने मात्र समाधानापलीकडे फारसे काही मिळत नाही.

नदीघाट (सांगली)

मी अनेक वर्षे कृष्णेत पोहतो आणि सुट्टीत मुलांना पोहायला शिकवतो, म्हणून गुरुजींच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत उतरणारी मुले महिन्याभरात काठावरून मुटके मारू लागतात. मुटका किंवा सूर चुकून कान पाण्यावर सपाट आपटला, तर त्या तडाख्याने कानाचा पडदा फाटू शकतो. एकदम तीव्र वेदना होते, कधी थोडे रक्त येते, कमी ऐकू येते आणि काही वेळा चक्कर येते. पाण्यात चक्कर येणे जिवावर बेतू शकते, म्हणून मुले उड्या मारत असताना पोहता येणारा मोठा माणूस काठावर असलाच पाहिजे. पडदा फाटल्याचा संशय असेल तर कानात काहीही घालू नये, पाणी जाऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते, पण ते भरले आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुन्हा पाण्यात उतरू नये.

तळ गाठण्याची पैज हाही एक धोका आहे. खाली जाताना पाण्याचा दाब झपाट्याने वाढतो आणि दीड-दोन मीटरवरच कान दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले किंवा आवंढा गिळला की दाब सारखा होतो. तरीही दुखत असेल तर वर यावे. सर्दी असताना तर बुडी मारूच नये.

यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसणारी तक्रार म्हणजे पोहून आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी कान दुखणे. उन्हाळ्यात पाणी कमी झालेले असते, साचलेले असते, आणि कान सतत ओला राहिला की त्याच्या नळीत जंतू किंवा बुरशी वाढते. कानाची पाळी ओढली किंवा कानापुढची लहानशी कूर्चा दाबली आणि कळ आली, तर हेच दुखणे असण्याची शक्यता मोठी असते. पोहून झाल्यावर डोके दोन्ही बाजूंना कलते करून पाणी निथळू द्यावे आणि टॉवेलने बाहेरचा भाग कोरडा करावा, एवढेच पुरते. काडी, पिन, किल्ली किंवा बड्स आत घालू नयेत, कारण नळीची नाजूक त्वचा खरवडली की तिथूनच संसर्ग सुरू होतो.

अंगणकट्टा (कोरेगाव)

नदीघाट दादा, तेलाविषयीही लिहा, अशी विनंती आहे. आमच्या घरी कान दुखला की लसूण घालून कढवलेले तेल ओतायची सासूबाईंची पद्धत आहे. त्या प्रेमानेच करतात, त्यांना कसे समजवावे कळत नाही. दुसरे असे, की उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपतो आणि कधी कधी कानात किडा जातो, त्या वेळी काय करावे? आणि तिसरे, माझा धाकटा चार वर्षांचा आहे. त्याला बोळे चालतील का?

श्रवणआलेख (कराड)

ताई, तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. दुखणाऱ्या कानात तेल ओतू नये. पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही, गरम तेलाने भाजते आणि संसर्ग असेल तर ओलावा वाढतो. सासूबाईंना शेकायला सांगावे. बाहेरून कोरड्या, कोमट फडक्याचा शेक दिला तर आराम पडतो आणि त्यांच्या मायेचाही मान राहतो. यात्रेत कान साफ करून देणाऱ्यांकडेही कोणी जाऊ नये. मळ हा कानाचा संरक्षक थर आहे. तो पाण्याने फुगून कान बंद झाला, तर डॉक्टर तो सुरक्षितपणे काढतात.

जिवंत किडा आत वळवळत असेल आणि कान पूर्वी कधी फुटलेला किंवा वाहत नसेल, तर मात्र कोमटही न केलेल्या खोबरेल तेलाचे काही थेंब घालावेत, म्हणजे किडा मरतो आणि वेदना थांबते. नंतर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. मुलाने हरभरा किंवा चिंचोका घातला असेल तर पाणी घालू नये, कारण तो फुगून घट्ट बसतो. घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी असेल, तर रात्र असली तरी थांबू नये, कारण काही तासांत ती आतली त्वचा जाळते.

चार वर्षांच्या मुलाला फोमचे बोळे नकोत, ते नीट बसत नाहीत आणि तोंडात घातले तर घशात अडकण्याची भीती असते. लहान मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतात, ते घ्यावेत. वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहणाऱ्या मुलाचे कान बहुधा ध्वनिक्षेपकाच्या उंचीवरच येतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

वारणाकाठ (वाळवा तालुका)

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या यात्रा कमिटीपुढे हा विषय मांडायचा आहे, म्हणून नियमांची माहिती वाचून काढली, ती इथे नोंदवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, यांतले जे कमी असेल ते धरायचे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य शासन शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते.

कमिटीपुढे बोलताना मी नियमांपासून सुरुवात करणार नाही, कारण मग चर्चा तिथेच तुटते. पालखीपुढे हलगी आणि लेझीम असावे, ध्वनिक्षेपक असलाच तर एकच असावा आणि त्याचे तोंड घरांकडे नसावे, आणि वाजवणाऱ्या पोरांना बोळ्यांचा खर्च वर्गणीतून द्यावा, एवढेच मागणार आहे.

माणदेश

गुरुजी, पालखीपुढे हलगी असावी हे वाचून समाधान वाटले. आमच्या हलगी पथकातल्या मुलांशी मी बोललो. बोळे घातले तर एकमेकांचा ठेका कळणार नाही, अशी त्यांची अडचण आहे. त्यावर काही उपाय आहे का? आणि कानांची तपासणी करायची असेल, तर कुठे जावे?

श्रवणआलेख (कराड)

दादा, हलगीचा आवाज एवढा मोठा असतो की पंधरा-वीस डेसिबल कमी होऊनही ठेका स्पष्ट कळतो, फक्त त्याची सवय व्हायला काही सराव लागतात. म्हणून यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा न घालता तालमीपासूनच घालावेत. गाळणीचे तयार बोळे मिळाले तर उत्तमच. वाजवताना शक्य असेल तिथे दोघांत अंतर वाढवावे, कारण शेजाऱ्याची हलगी आपल्या कानाजवळ येते. प्रत्येक फेरीनंतर थोडा वेळ आवाजापासून दूर बसावे, आणि त्या वेळात मोबाइलवर गाणी ऐकू नयेत.

तपासणीसाठी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जावे. ऑडिओमेट्री या चाचणीला साधारण अर्धा तास लागतो आणि त्यात काहीही दुखत नाही. हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून तो आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते. चाचणीच्या आदल्या दिवशी मात्र वाजवू नये, नाहीतर थकलेल्या कानांचाच आलेख येतो.

एका गोष्टीत तपासणीची वाट पाहू नये. सकाळी उठल्यावर किंवा एखाद्या स्फोटाच्या आवाजानंतर एका कानाचे ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर मळ असेल किंवा सर्दी असेल असे समजून आठवडा घालवू नये. शक्यतो त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण या दुखण्यावरच्या औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो. पथकातल्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या घरच्यांना एवढे तरी आवर्जून सांगावे.